एका वाड्यात दोन बिऱ्हाडे : संगणक सुरू का होत नाही?

तुमच्या शाळेच्या संगणक कक्षात असा एक संगणक आहे असे समजा, की ज्यावर विंडोज आणि लिनक्स या दोन्ही ऑपरेटिंग सिस्टिम, म्हणजे कार्यप्रणाली, बसवलेल्या आहेत. संगणक चालू केला की पडद्यावर दोन नावांची यादी येते. बाणाच्या कळीने हवे ते नाव निवडायचे आणि एंटरची कळ दाबायची, की ती प्रणाली सुरू होते. शनिवारपर्यंत सारे सुरळीत होते. सोमवारी सकाळी मात्र यादी आलीच नाही. काळ्या पडद्यावर पांढऱ्या अक्षरांत इंग्रजीची एक ओळ उमटली आणि तिच्याखाली एक खूण नुसती लुकलुकत राहिली.

याच संगणकात बाईंनी तीन वर्षे जमवलेल्या प्रश्नपत्रिका आहेत, दहावीच्या मुलांचे विज्ञान प्रदर्शनाचे प्रकल्प आहेत. दुरुस्तीला आलेला माणूस पडद्याकडे एकवार पाहतो आणि म्हणतो, "फॉरमॅट मारावे लागेल."

फॉरमॅट मारणे म्हणजे डिस्कवरील फायलींची नोंदवही कोरी करणे. मग नवी प्रणाली बसवली, की जुन्या फायलींच्या जागी नव्या लिहिल्या जातात आणि जुन्या कायमच्या जातात. खरोखर याची गरज असते का? बहुतेक वेळा नसते. दाराचे कुलूप उघडत नाही म्हणून वाडाच पाडून नवा बांधावा, तसा हा उपाय आहे. कुलूप कोठे अडले हे आधी पाहायला हवे. त्यासाठी संगणक 'जागा' कसा होतो हे समजून घेणे आवश्यक आहे. तेच आज आपण पाहू.

एका संगणकावर दोन प्रणाली हा प्रकार आता शाळांना आणि घरांना अपरिचित नाही. विंडोज १० या आवृत्तीला मिळणारा नेहमीचा आधार १४ ऑक्टोबर २०२५ रोजी संपला. पुष्कळशा जुन्या संगणकांची यंत्रसामग्री विंडोज ११ च्या अटींत बसत नाही. अशा वेळी जुनी विंडोज राहू देऊन शेजारी लिनक्स बसवण्याचा मार्ग अनेकजण पत्करतात. एका वाड्यात दोन बिऱ्हाडे राहावीत, तशीच ही सोय आहे.

पेटीची किल्ली पेटीत

संगणकाचा प्रोसेसर अतिशय वेगवान असला, तरी त्याला येते एवढेच : स्मृतीत मांडून ठेवलेल्या आज्ञा एकामागून एक पाळणे. आता अडचण पाहा. ज्या स्मृतीतून तो काम करतो ती रॅम, वीज जाताच कोरी होते. कार्यप्रणाली असते डिस्कवर. डिस्क वाचायची तर ती वाचण्याचा प्रोग्रॅम हवा, आणि तो प्रोग्रॅम असतो डिस्कवरच! पेटीची किल्ली पेटीत ठेवून पेटी बंद करावी, तशी ही गत झाली.

इंग्रजीत बुटांच्या मागच्या पट्ट्या स्वतःच ओढून स्वतःला उचलून घेण्याची एक कल्पना आहे. संगणक सुरू होण्याच्या क्रियेला 'बूट होणे' म्हणतात, ते या बुटांवरूनच.

या कोड्याचे उत्तर सोपे आहे. मदरबोर्डवर एक लहानशी चिप असते. वीज गेली तरी तिच्यातील मजकूर पुसला जात नाही. वीज येताच प्रोसेसर आपली पहिली आज्ञा एका ठरलेल्या पत्त्यावरून घेतो. १९७८ सालच्या ८०८६ या प्रोसेसरमध्ये हा पत्ता १ मेगाबाइटच्या मर्यादेच्या १६ बाइट अलीकडे होता. त्याच्या आजच्या वंशजांत तो ४ गिगाबाइटच्या १६ बाइट अलीकडे असतो. या पत्त्यावर त्या चिपमधील प्रोग्रॅम त्याची वाट पाहत असतो. या प्रोग्रॅमला फर्मवेअर म्हणतात. जुन्या संगणकांतील फर्मवेअरचे नाव बायोस, नव्यांतील यूईएफआय.

पाच पायऱ्या

येथून पुढे कामाची साखळी सुरू होते. तिच्या पाच पायऱ्या लक्षात ठेवा.

पहिली पायरी : फर्मवेअर रॅम, पडदा, कळफलक यांची तपासणी करते.

दुसरी पायरी : पुढचा प्रोग्रॅम कोणत्या डिस्कवर शोधायचा, हे फर्मवेअर ठरवते.

तिसरी पायरी : तेथून 'बूटलोडर' नावाचा छोटा प्रोग्रॅम रॅममध्ये येतो. दोन नावांची यादी दाखवणारा तो हाच. लिनक्सबरोबर येणाऱ्या बूटलोडरचे नाव बहुधा ग्रब असते.

चौथी पायरी : निवडलेल्या प्रणालीचा गाभा, ज्याला कर्नल म्हणतात, तो बूटलोडर रॅममध्ये आणतो आणि त्याच्या हाती कारभार सोपवतो.

पाचवी पायरी : कर्नल डिस्कवरील आपला विभाग शोधतो, बाकीचे प्रोग्रॅम सुरू करतो आणि आपल्याला नाव व पासवर्ड विचारणारा पडदा दिसतो.

या साखळीचा एक विशेष आहे. प्रत्येक पायरीला फक्त पुढची पायरी कोठे आहे एवढेच ठाऊक असते. बाईंच्या प्रश्नपत्रिका कोठे आहेत, हे पहिल्या चार पायऱ्यांना माहीतही नसते. म्हणून यांपैकी एखाद्या पायरीवर संगणक अडला, तर त्यावरून फायली गेल्या असा निष्कर्ष काढता येत नाही. पत्ता चुकलेला पोस्टमन दारी आला नाही, म्हणून घर नाहीसे झाले असे कोणी म्हणेल का?

५१२ बाइटांची दिंडी

आता तिसरी पायरी जवळून पाहू, कारण दोन प्रणालींच्या संगणकात बहुतेक घोटाळे तिच्या आसपास होतात.

मार्च १९८३ मध्ये आयबीएमच्या एक्सटी या संगणकाबरोबर पीसी डॉसची दुसरी आवृत्ती आली. तिच्यापासून डिस्कची मांडणी अशी ठरली, की डिस्कचा अगदी पहिला ५१२ बाइटांचा तुकडा राखून ठेवायचा. त्याचे नाव मास्टर बूट रेकॉर्ड. या ५१२ बाइटांची वाटणी पाहा. पहिले ४४६ बाइट बूटलोडरच्या सुरुवातीच्या प्रोग्रॅमसाठी. पुढचे ६४ बाइट विभागांच्या कोष्टकासाठी. या कोष्टकात प्रत्येकी १६ बाइटांच्या चार नोंदी असतात, आणि डिस्कचा कोणता भाग कोठे सुरू होतो व केवढा आहे हे त्यांत लिहिलेले असते. उरलेले दोन बाइट म्हणजे एक खूण. द्विमान पद्धतीत लिहिल्यास ती ०१०१०१०१ आणि १०१०१०१० अशी दिसते. ही खूण नसेल, तर बायोस त्या डिस्कला बूट होण्याजोगी मानत नाही.

५१२ बाइट म्हणजे किती? संगणकात आज रूढ असलेल्या पद्धतीने देवनागरीचे एक चिन्ह साठवायला ३ बाइट लागतात. म्हणजे या तुकड्यात मराठी मजकूर लिहायचा तर जेमतेम १७० चिन्हे मावतील. पोस्टकार्डही भरणार नाही. एवढ्याशा दिंडीतून सगळ्या वाड्याची ये-जा चालते!

आता गंमत अशी की दिंडी एकच आणि बिऱ्हाडे दोन. विंडोज नव्याने बसवली, की ती पहिल्या ४४६ बाइटांत स्वतःचा प्रोग्रॅम लिहिते. तेथे आधी ग्रब असेल तर तो पुसला जातो. मग यादी दिसत नाही आणि संगणक थेट विंडोजमध्ये जातो. लिनक्स मात्र आपल्या खोलीत जशीच्या तशी असते, फक्त तिच्याकडे नेणारा पहारेकरी बदललेला असतो. 'आधी विंडोज बसवा, मग लिनक्स' हा जो नियम सांगतात, त्याचे कारण हेच.

नव्या यूईएफआय फर्मवेअरमध्ये ही अडचण कमी झाली आहे. यूईएफआयला डिस्कवरील फायली वाचता येतात. म्हणून डिस्कवर एक छोटा सामाईक विभाग ठेवतात आणि त्यात प्रत्येक प्रणालीचा बूटलोडर आपापल्या फोल्डरमध्ये राहतो. कोणाला आधी बोलवायचे याची क्रमवार यादी मदरबोर्डवरील कायम स्मृतीत असते. म्हणजे दिंडी मोठी झाली आणि दारावर नावांची पाटी लागली. मात्र या पाटीवर दोन्ही बिऱ्हाडकरूंना लिहिता येते. एखाद्या विंडोज अपडेटनंतर पाटीवरील क्रम बदलला, तर संगणक पुन्हा थेट विंडोजमध्ये जातो. अशा वेळी फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये जाऊन लिनक्सचे नाव पहिले ठेवले, की काम भागते. एकही फाइल हलवावी लागत नाही.

चार अक्षरांचा निदानकर्ता

संगणक कोणत्या पायरीवर अडला हे ओळखायचे कसे? याचा एक सुंदर धडा एका जुन्या बूटलोडरने घालून दिला आहे. त्याचे नाव लिलो. वर्नर आल्मेसबर्गर यांनी १९९२ ते १९९८ या काळात तो विकसित केला. पुढे इतरांनी तो सांभाळला, आणि २०१५ च्या अखेरीस त्याचे काम थांबले.

लिलो सुरू होताना आपले नाव पडद्यावर लिहीत असे : एल, आय, एल, ओ. ही चार अक्षरे एकदम उमटत नसत. कामाचा एकेक टप्पा पार पडला की एकेक अक्षर उमटे. पहिला एल उमटला याचा अर्थ पहिला तुकडा रॅममध्ये येऊन चालू झाला. आय उमटला, म्हणजे दुसरा तुकडा डिस्कवरून आला. दुसरा एल म्हणजे तो दुसरा तुकडा चालू झाला. ओ उमटला, की सारे सामान हाती आले. त्यामुळे पडद्यावर फक्त एल दिसत असेल, तर दोष दुसरा तुकडा आणण्यात आहे, हे तेथल्या तेथे कळे. पहिल्या तीन अक्षरांवर गाडी थांबली, तर दोष त्याही पुढे आहे हे समजे. एक अक्षरही नाही, तर लिलोपर्यंत गोष्ट पोचलेलीच नाही!

भौतिकशास्त्राच्या प्रयोगशाळेत मंडल चालत नसेल, तर आपण काय करतो? सगळ्या तारा एकदम उपसत नाही. बॅटरीच्या टोकापासून सुरुवात करतो आणि व्होल्टमीटर एकेक बिंदू पुढे नेतो. जेथपर्यंत दाब मिळतो तेथपर्यंतचा भाग ठीक. जेथे तो नाहीसा होतो, त्याच्या अलगद आधी दोष. संगणकाचेही तसेच आहे. शेवटी पडद्यावर काय दिसले, हा आपला व्होल्टमीटर. म्हणून ती 'न समजणारी' इंग्रजी ओळ पुसून जाण्याआधी जशीच्या तशी वहीत उतरवून घ्या. निदानाचा निम्मा भाग तिच्यातच असतो.

एक प्रत्यक्ष उदाहरण

आमच्या महाविद्यालयाच्या प्रयोगशाळेतील एका जुन्या, बायोसवर चालणाऱ्या संगणकाचे उदाहरण घेऊ. त्यावर वर्णपटमापकाची वर्षभराची वाचने साठवलेली होती. एके दिवशी पडद्यावर ओळ आली : 'एरर, नो सच पार्टिशन', म्हणजे असा विभाग नाही. खाली शब्द होते 'ग्रब रेस्क्यू'. विंडोजही सुरू होईना आणि लिनक्सही.

आता आपल्या पाच पायऱ्या लावून पाहू. पडद्यावर अक्षरे आली, अर्थात पहिली पायरी ठीक. ग्रबचे नाव दिसले, अर्थात दुसरी पायरी ठीक आणि ग्रबचा पहिला तुकडाही आला. म्हणजे दोष तिसऱ्या पायरीच्या मध्यावर आहे. ग्रबला आपला उरलेला भाग सापडत नाही.

का सापडत नाही? चौकशी केल्यावर कळले, की आदल्या दिवशी कोणीतरी विंडोजमधून एक रिकामा विभाग काढून टाकला होता. आता, मास्टर बूट रेकॉर्डच्या कोष्टकात चारच नोंदी मावतात. अधिक विभाग हवे असतील तर एका मोठ्या विभागाच्या पोटात छोटे विभाग करतात, आणि लिनक्स व ग्रब त्यांना ५ पासून क्रमांक देतात. या संगणकात रिकामा विभाग होता ५ क्रमांकाचा आणि लिनक्सचा होता ६ क्रमांकाचा. पाचवा काढताच सहावा झाला पाचवा! ग्रब मात्र आपल्या जुन्या टिपणाप्रमाणे सहाव्याच दारावर जाऊन थाप मारत होता.

रेस्क्यू स्थितीत ग्रब मोजक्या आज्ञा ऐकतो. 'एलएस' ही आज्ञा दिली की तो दिसतील त्या विभागांची यादी देतो. एकेका विभागात डोकावून ग्रबचे फोल्डर कोठे आहे ते पाहिले. ते पाचव्यात सापडले. मग 'सेट' या आज्ञेने त्याला नवा पत्ता सांगितला, त्याचा 'नॉर्मल' नावाचा भाग आणवला आणि तो सुरू केला. यादी पडद्यावर हजर! हा पत्ता तेवढ्यापुरताच असतो. म्हणून लिनक्स सुरू झाल्यावर ग्रब पुन्हा एकदा डिस्कवर बसवून घेतला. प्रात्यक्षिकाचा तास संपण्याआधी काम झाले आणि वाचनांतील एक अंकही इकडचा तिकडे झाला नाही. फॉरमॅट मारले असते, तर वर्षभराचे काम एका आकड्याच्या फरकासाठी गेले असते.

भांडण सामाईक नळावर

वाड्यातील बिऱ्हाडांचे भांडण आपापल्या खोल्यांवरून होत नाही. ते होते सामाईक नळावरून आणि अंगणावरून. दोन कार्यप्रणालींचेही असेच आहे. त्यांच्यात सामाईक काय काय आहे याची यादी केली, की घोटाळ्यांची निम्मी कारणे समजतात. दिंडी आणि पाटी आपण पाहिली. आणखी तीन वस्तू पाहू.

पहिली वस्तू घड्याळ. मदरबोर्डवर सेकंदाला ३२,७६८ म्हणजे २ चा १५ वा घात इतकी कंपने करणारा क्वार्ट्झचा स्फटिक असतो. त्याच्यावर चालणारे घड्याळ दोन्ही प्रणाली वापरतात. पण विंडोज समजते की हे घड्याळ स्थानिक वेळ दाखवते, तर लिनक्स बहुधा समजते की ते जागतिक प्रमाणवेळ दाखवते. भारतीय वेळ जागतिक वेळेच्या साडेपाच तास पुढे आहे. म्हणून लिनक्स वापरून झाल्यावर दुपारी १२ वाजता विंडोज सुरू केली, तर ती सकाळचे ६.३० दाखवू शकते. हा दोष नव्हे, गैरसमज आहे. दोघांपैकी एकीची सवय सेटिंगमधून बदलली की मिटतो. घड्याळ नेमके साडेपाच तास चुकले असेल, तर त्याचे कारण हे असण्याचा संभव फार मोठा.

घड्याळ भलतेच, काही वर्षे मागे गेले असेल, तर मात्र मदरबोर्डवरील बटणासारखी बॅटरी तपासा. तिच्यावर बहुधा 'सीआर २०३२' असे लिहिलेले असते. २० मिलिमीटर व्यास आणि ३.२ मिलिमीटर जाडी असा त्याचा अर्थ. तिचा दाब ३ व्होल्ट असावा. ती संपली की जुन्या संगणकांतील फर्मवेअरच्या सेटिंगही मूळ पदावर जातात, डिस्कचा क्रम बदलतो आणि संगणक बूट होईनासा होतो. काही रुपयांच्या बॅटरीचा दोष फॉरमॅटने कसा जाईल?

दुसरी सामाईक वस्तू म्हणजे अर्धवट झोप. २०१२ च्या विंडोज ८ पासून 'फास्ट स्टार्टअप' नावाची सोय आली. तिच्यामुळे संगणक 'बंद' केला तरी विंडोजचा गाभा पुरता बंद होत नाही. त्याची स्थिती डिस्कवर लिहून ठेवली जाते, म्हणजे पुढच्या वेळी लवकर सुरू होता येते. वापर अर्ध्यावर सोडलेल्या त्या विभागात लिनक्सने लिहिले, तर दोघांच्या नोंदींचा मेळ बसणार नाही. म्हणून लिनक्स अनेकदा तो विभाग उघडायचे नाकारते, किंवा फक्त वाचू देते. दोन प्रणाली वापरणाऱ्याने ही सोय विंडोजमधून बंद करून ठेवणे उत्तम.

तिसरी सामाईक वस्तू म्हणजे 'सिक्युअर बूट' हा पहारा. यात फर्मवेअर प्रत्येक बूटलोडरची अंकीय सही तपासते. १३ ऑगस्ट २०२४ रोजी आलेल्या विंडोजच्या अपडेटने, सुरक्षेत त्रुटी असलेल्या जुन्या बूटलोडरांना मनाई करणारी नोंद मदरबोर्डच्या स्मृतीत लिहिली. दोन प्रणाली असलेल्या संगणकांना ती लागू होऊ नये असा मायक्रोसॉफ्टचा हेतू होता, पण काही संगणकांवर दुसरी प्रणाली ओळखलीच गेली नाही. तेथे लिनक्स सुरू करताच 'समथिंग हॅज गॉन सीरियसली राँग' अशी घाबरवणारी ओळ येऊ लागली. हा दोष मे २०२५ मधील अपडेटने दूर झाला. या प्रकारात लिनक्सच्या एकाही फायलीला धक्का लागलेला नव्हता. पहारेकऱ्याच्या वहीत एक ओळ वाढली होती, एवढेच. सिक्युअर बूट तात्पुरते बंद करून लिनक्स सुरू करता येत होते, आणि ती नोंद काढून टाकल्यावर पहारा पुन्हा चालू करता येत होता.

तपासणीचा क्रम

आता हे सारे एकत्र करून तपासणीचा क्रम ठरवू.

पडदा पूर्ण काळा, पंखा फिरत नाही किंवा नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात : पहिली पायरी. वीजपुरवठा, रॅम, जोडण्या पाहा. दोन प्रणालींचा येथे संबंध नाही.

'नो बूटेबल डिव्हाइस' अशी ओळ : दुसरी पायरी. एखादा विसरलेला पेनड्राइव्ह तर लावलेला नाही ना? फर्मवेअरच्या सेटिंगमध्ये डिस्क दिसते का? दिसत असेल तर क्रम आणि बायोस-यूईएफआय पद्धत पाहा. एक प्रणाली जुन्या पद्धतीने आणि दुसरी नव्या पद्धतीने बसवली असेल, तर एका यादीतून दोन्हीकडे जाता येत नाही.

यादी न येता थेट विंडोज सुरू होते : दुसरी पायरी किंवा तिसरीची सुरुवात. पाटीवरील क्रम बदलला, किंवा ग्रब पुसला गेला.

'ग्रब रेस्क्यू' : तिसरी पायरी. विभागाचा पत्ता बदलला.

यादी येते, पण तीत विंडोजच नाही : तिसरी पायरी. २०२१ च्या ग्रब २.०६ पासून, दुसऱ्या प्रणालींचा शोध घेण्याचे काम ग्रबने मुळातच बंद ठेवलेले असते. ते सेटिंगमध्ये चालू करून यादी नव्याने तयार करावी लागते. विंडोज नाहीशी झालेली नसते.

यादीतून लिनक्स निवडल्यावर 'कर्नल पॅनिक' : चौथी किंवा पाचवी पायरी. यादीतच बहुधा आधीच्या आवृत्तीचा कर्नलही असतो. तो निवडून पाहा. तो चालला, तर दोष नव्या कर्नलपुरता आहे.

कोणत्याही पायरीवर उपयोगी पडणारा एक प्रयोग आहे. लिनक्सचा 'लाइव्ह' पेनड्राइव्ह लावून संगणक त्याच्यावरून सुरू करा. त्यात संपूर्ण प्रणाली पेनड्राइव्हवरून चालते आणि आपण सांगितल्याशिवाय डिस्कवर काही लिहिले जात नाही. संगणक असा चालला, तर प्रोसेसर, रॅम आणि पडदा ठीक आहेत हे सिद्ध झाले. आता डिस्कवरील विभाग उघडून पाहा. फायली दिसल्या, की पहिले काम त्या दुसऱ्या डिस्कवर उतरवून घेण्याचे. दुरुस्ती त्यानंतर. हा क्रम कधीही उलटा करू नका.

एक अपवाद मात्र सांगितला पाहिजे. डिस्कमधून टकटक असा आवाज येत असेल, किंवा वाचताना वारंवार चुका होत असतील, तर दोष दारात नसून भिंतीतच आहे. अशा वेळी पुन्हा पुन्हा चालू-बंद करू नये. संगणक बंद ठेवावा आणि डिस्कवरील माहिती काढून देणाऱ्या जाणकाराकडे न्यावा.

शिक्षकांसाठी आणि धडपड्या विद्यार्थ्यांसाठी

दोन प्रणालींचा संगणक शाळेत असेल तर आजच तीन गोष्टी करा. महत्त्वाच्या फायलींची प्रत दुसरीकडे ठेवा. डिस्कचे विभाग, त्यांचे क्रमांक आणि फर्मवेअरची पद्धत एका कागदावर लिहून तो कागद संगणक कक्षात जपून ठेवा. विंडोजचा विभाग बिटलॉकरने कुलूपबंद असेल, तर त्याची ४८ अंकी किल्लीही लिहून ती मुख्याध्यापकांच्या कपाटात ठेवा. फर्मवेअरच्या सेटिंगला हात लावताच विंडोज ती किल्ली मागू शकते, आणि ती हरवली तर फायली समोर असूनही उघडत नाहीत. लाइव्ह पेनड्राइव्हने काम होत नाही असे हे एक ठिकाण आहे.

आणि प्रयोग करायचा आहे? मग खऱ्या संगणकावर नको. व्हर्च्युअल मशीन, म्हणजे संगणकातच चालणारा एक आभासी संगणक, तयार करा. त्यावर दोन प्रणाली बसवा, मुद्दाम विभागाचा क्रमांक बदला किंवा बूटलोडर पुसा, आणि पडद्यावर काय येते ते वहीत नोंदवा. मग तो दुरुस्त करा. दोन गट केले तर अधिक मजा येईल : एका गटाने बिघाड करायचा आणि दुसऱ्याने फक्त पडदा पाहून पायरी ओळखायची.

विचार करा

१. मास्टर बूट रेकॉर्डच्या कोष्टकात विभागाची लांबी ३२ बिटांच्या संख्येने, ५१२ बाइटांच्या तुकड्यांत लिहितात. त्यामुळे सुमारे २.२ टेराबाइटपेक्षा मोठा विभाग नोंदता येत नाही. ही मर्यादा गणित करून काढा.

२. नेपाळची वेळ जागतिक वेळेच्या ५ तास ४५ मिनिटे पुढे आहे. काठमांडूतील एका शाळेत लिनक्सनंतर विंडोज सुरू केली, तर दुपारी २ वाजता ती किती वाजले असे दाखवील?

३. एक संगणक डिस्कवरूनही सुरू होत नाही आणि चांगल्या, दुसरीकडे तपासलेल्या लाइव्ह पेनड्राइव्हवरूनही सुरू होत नाही. पाचांपैकी कोणत्या पायऱ्यांवर तुमचा संशय राहील, आणि का?